लू, काळी आंधी आणि दोन फुटी लोखंडी कूलर

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात पत्र्याचा जो दोन फुटी कूलर मिळतो, खाली टाकी, तीन बाजूंना घास (लाकडाच्या बारीक तासलेल्या पट्ट्या) आणि चौथ्या बाजूला अठरा इंची पंखा, त्याचं हे परीक्षण. याच्यावर मोठ्या कंपनीचं नाव नसतं. फार तर दुकानदाराने छापून घेतलेला बर्फाच्या डोंगराचा स्टिकर असतो. भाव मार्चमध्ये एक आणि मेमध्ये दुसरा, म्हणून आकडा लिहीत नाही. तेवढाच पंखा असलेल्या कंपनीच्या प्लॅस्टिक कूलरपेक्षा तो बराच स्वस्त पडतो एवढं धरून चाला.

निकाल आधीच सांगतो. एप्रिल ते जूनचा मध्य, म्हणजे लू हा गरम कोरडा वारा वाहतो तेवढे दिवस, या किमतीत याच्या तोडीचं दुसरं काही नाही. पुरवाई, म्हणजे पूर्वेचा दमट वारा, सुटली की हाच कूलर अडगळ. दोन्हीचं कारण एकच आहे आणि ते वाऱ्यात आहे, म्हणून आधी वाऱ्याबद्दल.

लू पश्चिमेकडून, थरच्या वाळवंटावरून येते. सकाळी दहा-अकराला जोर धरते आणि दिवस मावळला की पडते. मेच्या उत्तरार्धात दुपारी 44 अंश आणि आर्द्रता जेमतेम 15 टक्के, यात ग्वाल्हेरकरांना नवल वाटत नाही. सूर्य रोहिणीत शिरतो तेव्हापासूनचे, साधारण 25 मेनंतरचे, नौतप्याचे नऊ दिवस याहून कडक जाऊ शकतात. मैदानी भागात 45 अंश झाले की हवामान खातं उष्णतेची लाट मानतं, 47 झाले की तीव्र लाट. अशा हवेत नुसता पंखा लावणं हा शुद्ध वेडेपणा आहे. 40 च्या वर पंख्याची हवा अंग गार करण्याऐवजी तापवते, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

मात्र याच हवेत थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून धरलं तर पारा 23 च्या आसपास उतरतो. 44 आणि 23 मधला हा 21 अंशांचा फरक म्हणजे कूलरचं भांडवल. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं त्याच कारणाने हे घडतं, फक्त इथे पाण्याऐवजी हवा गार करून घ्यायची असते. घास नीट भरलेली आणि सगळीकडून भिजलेली असेल तर कूलर या फरकाचा पाऊण हिस्सा पदरात पाडतो. 21 चे पाऊण म्हणजे जवळपास 16, म्हणून समोरून येणारी हवा 28 अंशांची. रात्री दहाला बाहेर 36 अंश आणि 25 टक्के आर्द्रता असेल तर हाच कूलर 25 ची हवा देतो. पहाटे पायथ्याची चादर ओढून घ्यावी लागते ती त्यामुळे. आता जुलैचा दिवस घ्या. 34 अंश, आर्द्रता 75 टक्के. ओलं फडकं 30 च्या खाली जायला तयार नाही. फरक चार अंशांचा, कूलरच्या वाट्याला तीन, आणि वर खोलीभर दमटपणा. अशा दिवशी दुकानदाराला शिव्या देण्यात अर्थ नाही.

जगात गरम वाळवंटी वारे पुष्कळ आहेत. त्यांच्या नावांवरून हा कूलर तिथे चालेल का ते कधी कळतं, तर कधी नाव साफ फसवतं. अरबस्तान आणि सहारातला सिमूम घ्या. हे नाव अरबीतल्या ‘सम्म’ म्हणजे विष या शब्दाच्या कुळातलं. उर्दूतली ‘बाद-ए-समूम’ तीच. माणसाला विष, कूलरला अमृत, कारण ती हवा हाडासारखी कोरडी असते. इजिप्तच्या खमसीनचं नाव अरबीतल्या पन्नासवरून आलंय, वसंतातल्या ज्या पन्नासेक दिवसांत तो येतो त्यांच्यावरून. तो सलग पन्नास दिवस वाहत नाही, अधूनमधून एक-दोन दिवसांचे झटके देतो. त्या झटक्यात दोन तासांत पारा 20 अंशांनी चढू शकतो आणि आर्द्रता 5 टक्क्यांच्या खाली जाऊ शकते. आपला पत्र्याचा डबा कैरोच्या खिडकीत बसवला तर त्या दिवशी तो ग्वाल्हेरपेक्षा चांगला चालेल.

फसवणारी जोडी म्हणजे गिब्ली आणि सिरोको. लीबियात दक्षिणेकडून येणाऱ्या वाऱ्याला गिब्ली म्हणतात. किब्ल्याच्या, म्हणजे मक्केच्या, दिशेचा तो किब्ली. सिरोकोचं मूळ अरबीतल्या ‘शर्क’ म्हणजे पूर्व या शब्दात सांगतात. एका नावात दक्षिण, दुसऱ्यात पूर्व, पण हवा एकाच सहारातून निघालेली. लीबियाच्या आतल्या भागात ती कोरडी ठणठणीत असते. भूमध्य समुद्र ओलांडताना ती पाणी पिते आणि माल्टा-सिसिलीला पोचेपर्यंत चिकट, दमट होते. म्हणजे समुद्राच्या या काठावर कूलर गारवा देईल आणि त्या काठावर भिंतींना बुरशी. इराक आणि आखातातल्या शमालच्या नावात तर फक्त उत्तर ही दिशा आहे, कोरडेपणाबद्दल त्यातून काहीच कळत नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या हरमट्टनला तिथले लोक ‘डॉक्टर’ म्हणतात, कारण दमट किनाऱ्यावर तो कोरडी हवा घेऊन येतो आणि घाम सुकवतो. धूळही आणतो, पण आधी घाम सुकतो हे महत्त्वाचं. युरोपातल्या मोटार कंपन्यांनी सिरोको, गिब्ली आणि खमसीन या नावांच्या गाड्या विकल्या. आपल्याकडे कुणी गाडीचं नाव ‘लू’ ठेवून ती खपवून दाखवावी.

पूर्व इराणातल्या सिस्तानच्या वाऱ्याचं नाव एकशेवीस दिवसांचा वारा. उन्हाळाभर तो थांबत नाही. तिथल्या लोकांनी वाऱ्याच्या तोंडावर काटेरी झुडपं रचली आणि त्यांच्यावर पाणी मारलं, घरात गार हवा आली. हिंदुस्थानात काट्यांच्या जागी खस आला. अकबराच्या दरबारात बांबूच्या चौकटीत खस भरून त्यावर पाणी शिंपायची रीत रूढ झाल्याचं अबुल फजलने नोंदवलंय. कंपनी सरकारच्या काळात साहेब लोकांच्या बंगल्यांत लाकडी पेटी, आत हाताने फिरवायचं पंख्याचं चाक आणि बाजूंना खसाच्या ताट्या, असं यंत्र होतं. त्याला मोटर आणि पंप जोडले की लश्करचा कूलर तयार होतो. घास मात्र दुसरीकडची आहे. लाकडाच्या तासलेल्या केसांसारख्या पट्ट्या जाळीत भरायची पद्धत 1930 च्या दशकात अमेरिकेच्या अॅरिझोना भागात रुळली, तीही वाळवंटी हवेसाठीच.

आता वस्तूकडे वळू.

पत्रा 24 गेजचा मागा. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो, हे दुकानात सोयीस्करपणे विसरलं जातं. “28 गेज भी चलेगा भैया, हल्का रहेगा” असं कुणी म्हटलं तर हलकेपणा खरा, पण अठरा इंची पंख्यावर तो डबा थरथरतो आणि तिसऱ्या उन्हाळ्यात टाकीच्या कोपऱ्यातून गळायला लागतो. बाजूच्या पत्र्याच्या मधोमध अंगठ्याने दाबून बघा. टण् आवाज होऊन पत्रा आत-बाहेर होत असेल तर तो पातळ आहे. टाकीत दुकानातच पाणी भरायला लावा आणि अर्धा तास थांबा. गळती मधून होत नाही, कोपऱ्यांच्या घडीतून आणि पाणी काढायच्या नळीच्या बुडातून होते. तिथे बोट फिरवलं की ओल हाताला लागते. टाकीच्या आतून डांबरी रंगाचे दोन हात मारलेले असावेत. नसतील तर घरी आणून आधी ते करा, घास नंतर.

पंख्यात तीन गोष्टी बघायच्या. पहिली, वायंडिंग तांब्याचं आहे का. दुसरी, फेरे: 1400 चा पंखा लांब फेकतो आणि आवाज करतो, 900 चा शांत असतो. झोपायच्या खोलीसाठी 900 चाच घ्या, बैठकीसाठी 1400 चालेल. तिसरी गोष्ट कुणी बघत नाही आणि तीच सगळ्यात महत्त्वाची: पात्याचं टोक आणि भोवतालची कडी यांच्यातली फट. ती सगळीकडे सारखी आणि बोटाच्या रुंदीहून कमी हवी. फट मोठी असेल तर पंख्याने पुढे ढकललेली हवा त्याच फटीतून मागे फिरते आणि मोटर फुकट राबते. पातं हातात धरून वर-खाली हलवा. खडखडलं तर बुश सैल आहे. पुढे कधी पंखा नुसता गुणगुणला आणि हाताने ढकलल्यावरच फिरला, तर मोटर जळाली असं समजू नका, बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो आणि तो किरकोळ खर्चात बदलतो.

पंप साधा 18 वॅटचा पुरतो. तो मरतो दोनच कारणांनी: टाकी रिकामी झाली आणि तो कोरडा फिरत राहिला, किंवा तळाच्या चिखलाने त्याची जाळी बुजली. पंप टाकीच्या तळावर थेट ठेवू नये, खाली विटेचा किंवा फरशीचा तुकडा द्यावा. वरच्या पन्हळीची भोकं दर पंधरवड्याला खिळ्याने मोकळी करायची. भोक बुजलं की त्याखालची घास उभ्या पट्टीत कोरडी राहते आणि हवा नेमकी तिथूनच आत येते, कारण तिला तीच वाट सोपी. ओल्या पट्ट्यांतून येणारी 28 ची हवा आणि कोरड्या पट्टीतून येणारी 44 ची हवा एकत्र झाली की खोलीतला माणूस म्हणतो कूलर बिघडला. बिघडलेलं काहीच नसतं. संध्याकाळी उजेड तिरपा असताना मागून बघा; भिजलेली घास काळपट दिसते, कोरडी पट्टी पिवळीधमक उठून दिसते.

घास भरणं हे खरं कसब आहे, आणि बाजारातली सेवा इथेच सगळ्यात कच्ची. घरी येऊन घास बदलणारा माणूस घाईत असतो. तो एक तर ठासून भरतो, म्हणजे हवा ओढली जात नाही, किंवा मध्ये विरळ आणि कडांना गठ्ठा ठेवतो. दोन इंच जाडी पुरे. घास आधी मोकळी करायची, गुंता सोडवायचा, चौकट आडवी ठेवून सगळीकडे सारखी पसरायची आणि मग तार बांधायची. चौकट उजेडासमोर धरली की मोठं भोक दिसता कामा नये, पण धूसर उजेड आरपार आला पाहिजे. नवी घास भिजली की खाली बसते. दोन दिवसांनी वरच्या कडेला दीड-दोन इंचांची फट पडते, तिथून सगळी गरम हवा आत घुसते. तेव्हा प्रत्येक चौकटीत वरून मूठभर घास आणखी भरायची. हे काम माणूस करून देत नाही, कारण तो दोन दिवसांनी परत येत नाही. थोडी घास आधीच जास्त मागून ठेवा. पहिल्या दिवशी टाकीतलं पाणी चहासारखं तांबूस होतं आणि ओल्या लाकडाचा वास येतो. ते पाणी एकदा फेकलं की दोन्ही जातात.

खस, म्हणजे मराठी मुलखातला वाळा, घासीपेक्षा कितीतरी महाग. सुगंध सुरेख, पण सुगंधाने पारा उतरत नाही. खसाची मुळं दाट बसतात, हवा अडते, म्हणून तिन्ही बाजूंना खस भरला तर पंखा दमतो. मागच्या चौकटीत खस आणि दोन्ही बाजूंना घास, ही मांडणी उत्तम. वास पुरतो, हवाही मिळते. हंगाम संपल्यावर खस सावलीत वाळवून ठेवला तर पुढच्या वर्षीही वापरता येतो, घास मात्र दरवर्षी नवीच हवी.

तिसरा पर्याय हनीकोंब, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या छिद्रांचा जाड कागद. चांगल्या जाडीचा असेल तर तो घासीपेक्षा जास्त गारवा देतो आणि दोन-तीन हंगाम टिकतो. पण त्याच्या दोन अटी आहेत, पाणी सगळीकडे सारखं पडलं पाहिजे आणि ते जड नको. बोअरवेलचं पाणी वापरणाऱ्या घरांत महिनाभरात छिद्रांच्या तोंडाशी पांढरा थर जमतो, तो ब्रशने घासला तर कागद फाटतो. ग्वाल्हेरची धूळ या छिद्रांत जाऊन बसते ती वेगळी. नळाचं, तिघरा धरणाचं पाणी येत असेल आणि कूलर वरच्या मजल्यावर असेल तर हनीकोंब घ्या. बोअरवेल आणि रस्त्याकडेचं घर असेल तर घासच बरी. बुजली की फेकली, जीव अडकत नाही.

क्षारांचा हिशेब समजून घेतला की बराच त्रास वाचतो. मिनिटाला 1500 घनफूट हवा ओढणारा कूलर मेच्या दुपारी तासाला सुमारे 18 लिटर पाणी हवेत सोडतो. 60 लिटरची टाकी सव्वातीन तासांत कोरडी. बॉल कॉक लावला तर भरायची कटकट जाते, पण नवी कटकट येते: पाणी उडतं, क्षार मागे राहतात. दिवसभरात 180 लिटर उडालं तर 60 लिटरच्या टाकीत 240 लिटरचे क्षार साठले, म्हणजे चौपट. दुसऱ्या दिवशी आणखी तेवढीच भर. म्हणून बॉल कॉक असो-नसो, एक दिवसाआड टाकी पूर्ण रिकामी करायची. ते पाणी झाडांना घालू नका, मोरीत सोडा.

टाकीत बर्फ टाकण्याची हौस अनेकांना असते. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो त्याच्या सातपट उष्णता एक लिटर पाणी उडताना शोषतं. पाच किलोची लादी म्हणजे पाऊण लिटरहून कमी पाण्याचं काम, जे कूलर एरवी अडीच मिनिटांत उरकतो. बर्फ सरबतात घाला.

जागा चुकली तर उत्तम कूलरही फुकट जातो. त्याला बाहेरची कोरडी हवा ओढायला मिळाली पाहिजे आणि खोलीतली हवा बाहेर जायला वाट पाहिजे. कूलर खिडकीत आणि समोरचं दार घट्ट बंद, हे दृश्य घरोघरी दिसतं, एसीची सवय. 1500 घनफुटांच्या कूलरला समोरच्या बाजूला दोन-अडीच चौरस फूट तरी उघडं लागतं. चितनीस की गोठसारख्या भागातल्या जुन्या वाड्यांत आणखी एक अडचण असते. सोयीचं म्हणून कूलर चौकाच्या बाजूला लावतात. चौकात धुणं वाळत असतं, मोरी असते, चारही खोल्यांचे कूलर तिथलीच हवा ओढतात आणि तिथेच सोडतात. दुपारपर्यंत चौकाचा सिसिली होतो. वाड्यात कूलर रस्त्याच्या किंवा गच्चीच्या बाजूलाच हवा. कूलर केवढा घ्यावा याचा सोपा हिशेब: लांबी, रुंदी आणि उंची फुटांत गुणा आणि निम्मे करा, तेवढे घनफूट हवा दर मिनिटाला लागते. 12 बाय 12 ची, 10 फूट उंच नवी खोली म्हणजे 720. वाड्यातली 15 बाय 16 ची, 12 फूट उंच बैठक म्हणजे 1440, अठरा इंची पंखा तिथे काठावर पास. दगडी पटियांचं छत थेट उन्हात असेल तर रात्री बारापर्यंत ते वरून शेकत राहतं; कूलर हवा गार करतो, छत करत नाही. गच्चीवर चुन्याचा पांढरा हात मारणं हा त्यावरचा स्वस्त इलाज.

धुळीचं प्रकरण वेगळं. लूसोबत रोजची बारीक धूळ येतेच, आणि ओली घास ती पकडते. टाकीच्या तळाचा चिखल म्हणजे जी धूळ फुप्फुसात गेली नाही ती. हा कूलरचा न सांगितलेला फायदा. पण मे-जूनच्या संध्याकाळी येते ती काळी आंधी. ती लूचं मोठं रूप नव्हे. मोठ्या गडगडाटी ढगातून थंड हवा खाली कोसळते, जमिनीवर आपटून पुढे पसरते आणि धुळीची भिंत ढकलत आणते. सुदानात, खार्टूमच्या बाजूला, याच प्रकाराला हबूब म्हणतात, अरबीतल्या वाहणं-फुंकणं या अर्थाच्या ‘हब्ब’वरून. अमेरिकेत फिनिक्सला जुलै 2011 मध्ये अशीच प्रचंड भिंत आली तेव्हा वार्ताहरांनी हबूब हा शब्द वापरला म्हणून तिथल्या काही लोकांनी तक्रारी केल्या. आंधीत पारा झपाट्याने उतरतो, म्हणून कूलरची तशीही गरज नसते. पश्चिमेला आभाळ पिवळं-तपकिरी दिसू लागलं की पंखा लगेच बंद करायचा आणि मागून ताडपत्री टाकायची. पंखा चालू राहिला तर पाच मिनिटांत घासीवर चिखलाचा लेप बसतो, आणि दुसऱ्या दिवशी लू सुटली की तो लेप वाळून पापुद्रा होतो. तसं झालंच तर चौकट काढून आतल्या बाजूने बाहेर पाण्याचा फवारा मारा. बाहेरून मारला तर माती आणखी आत जाते. मग टाकी धुवा, पंपाची जाळी धुवा, तेव्हाच सुरू करा.

विजेबद्दल मात्र कसलीही सूट नाही. लोखंडी डबा, पाणी आणि 230 व्होल्ट एकत्र असतात, आणि उत्तर हिंदुस्थानात दर उन्हाळ्यात कूलरचा झटका बसून माणसं जातात. या कूलरांतला सर्वांत मोठा दोष वायरिंगमध्येच आहे, आणि त्यासाठी मी गुण कापतो. पंपाची वायर पत्र्याच्या भोकातून आत नेलेली असते आणि त्या भोकाला रबरी कडी नसते. पंख्याच्या थरथरीने पत्र्याची धार वायरचं आवरण हळूहळू कापते आणि एक दिवस डब्यात करंट उतरतो. रबरी कडी स्वतः बसवा. डब्याला अर्थची वायर स्क्रूने, रंग खरवडून जोडा, तीन पिनांचा प्लग लावा आणि भिंतीतल्या सॉकेटला अर्थ खरंच आहे का ते वीजतंत्र्याकडून तपासून घ्या. जुन्या वाड्यांत तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं. घराच्या बोर्डात 30 मिलिअँपिअरचा गळती पकडणारा स्विच असेल तर उत्तम. पाणी भरण्याआधी बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून पाइप धरणं हे तर नकोच.

आठवड्यातून एकदा टाकी घासून धुणं डासांसाठी. डेंग्यूचा एडिस डास अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस घेतो, आणि त्याची अंडी पाण्याच्या रेषेशी टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात. नुसतं पाणी फेकलं तर ती तिथेच राहतात आणि कोरडीही कित्येक महिने तग धरतात. तारेच्या घासणीने ती रेष खरवडायची, पण डांबरी रंग निघणार नाही इतपतच.

वीज किती खातो? पंखा आणि पंप मिळून 200 वॅटच्या आत-बाहेर. दीड टनी एसी दीड हजारांच्या आसपास. इन्व्हर्टरवर कूलर चालतो, एसी चालत नाही, आणि दुपारी दोनला वीज गेली की हाच मुद्दा निर्णायक ठरतो. दम्याचा त्रास असलेल्या माणसाच्या खोलीत मात्र घासीचा कूलर लावण्याआधी डॉक्टरांना विचारा; जुन्या ओल्या घासीत बुरशी धरते.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात कधीतरी वारा पूर्वेकडून फिरतो आणि कूलर असूनही गळ्याशी घाम येतो. त्या दिवशी पंप बंद करून नुसता पंखा ठेवा, दमटपणा तरी वाढणार नाही. पाऊस लागला की घास काढून फेकायची, टाकी धुवून उन्हात पूर्ण कोरडी करायची, गंजाचे डाग कागदाने घासून डांबरी रंगाचा हात द्यायचा, बुशात मशीनचं तेल दोन थेंब, पंप काढून वेगळा डब्यात. पाणी काढायच्या नळीचं बूच मात्र उघडंच ठेवा, म्हणजे गच्चीवर पावसाचं पाणी साचणार नाही.